गणपतीच्या गर्दीत मोबाइल लोकेशन बघून जाहिरात लावायची आहे? आधी हे वाचा

लक्ष्मी रोडच्या एका आतल्या गल्लीत खाण्याचं छोटं दुकान आहे. मालकांना मी काका म्हणते. काही वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या आधी ते म्हणाले, "दुकानाच्या आसपास जे लोक असतील ना, फक्त त्यांच्याच फोनवर आपली जाहिरात दिसू दे." मला ते अगदी सोपं वाटलं. जाहिरातीच्या नकाशात दुकानावर पिन टाकली, एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि सकाळी सातला जाहिरात चालू केली. साडेअकराच्या आत दिवसाचे पैसे संपले. फोन आले ते लांबच्या वाकडहून आणि हडपसरहून, "घरपोच देता का?" असं विचारणारे. रात्री दहाला गल्लीच्या तोंडाशी पाय ठेवायला जागा नव्हती आणि आमची जाहिरात केव्हाच बंद पडली होती. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी माझ्या फोनवर नकाशा उघडला. निळा ठिपका मुठा नदी ओलांडून डेक्कनला जाऊन बसला होता आणि त्याच्याभोवतीचा फिकट निळा गोल निम्म्या पेठा झाकत होता.

काकांचे पैसे माझ्या अजाणतेपणामुळे गेले, याचं मला खरंच वाईट वाटलं. त्यानंतरच्या वर्षांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच दुकानाची, मंडळाची किंवा एखाद्या शिबिराची जाहिरात लावणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण पुण्याच्या गणेशोत्सवाचं घेतलं आहे, कारण तेच मला जवळून माहीत आहे.

पहिली पायरी: तो ठिपका कुठून येतो ते समजून घ्या

फोन आपली जागा चार वाटांनी शोधतो आणि गर्दीत चारही वाटा बिघडतात.

पहिली वाट उपग्रहांची, म्हणजे जीपीएस. उघड्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. पण उपग्रहाचा सिग्नल फार क्षीण असतो. लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंना इमारती आहेत, तिथे तो भिंतींवर आपटून येतो आणि फोनची फसगत होते. मांडवावर पत्रे असतील तर आत तो जवळपास पोचतच नाही. शिवाय माणसाचं शरीरही त्याला अडवतं. रेटारेटीत खिशात दाबलेल्या फोनला आकाश दिसणार तरी कसं? आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एरवी फोन जीपीएसला लागणारी माहिती मोबाइल नेटवरून चटकन घेतो, म्हणून ठिपका लगेच उमटतो. नेट अडकलं की तीच माहिती थेट उपग्रहाकडून उतरवावी लागते. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला साधारण अर्धं मिनिट सिग्नल अखंड लागतो आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण पंचांग, म्हणजे त्यांच्या ढोबळ कक्षांची यादी, उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. गर्दीत अर्धा मिनिट अखंड सिग्नल मिळणंही कठीण.

दुसरी वाट वायफायची. आजूबाजूला कुठले राउटर आहेत ते बघून, ते कुठे आहेत याच्या आधी साठवलेल्या यादीवरून फोन अंदाज बांधतो. पण एखाद्या मंडळाने कुणाच्या तरी हडपसरच्या ऑफिसातला राउटर उचलून दहा दिवसांसाठी मांडवात लावला, तर काही फोनना आपण हडपसरला आहोत असं वाटू शकतं.

तिसरी वाट टॉवरची. एका टॉवरवर ताण आला की फोन लांबच्या टॉवरला जोडले जातात. मोठ्या गर्दीसाठी मोबाइल कंपन्या गाडीवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. त्यांची जागा टॉवरांच्या यादीत नवी असते किंवा आधीच्या मुक्कामाचीच राहिलेली असते.

चौथी वाट आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवर फोनला मिळणाऱ्या क्रमांकाची, आणि ती सगळ्यांत कच्ची. पुण्यातल्या मोबाइल नेटचा आयपी पत्ता कित्येकदा मुंबई दाखवतो, कारण कंपनीचं नेट तिथून बाहेर पडतं.

यात आता मेट्रोची भर पडली आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानकं थेट उत्सवाच्या पोटात उघडली. भुयारात जीपीएस नसतं. मंडईच्या जिन्याने वर येणाऱ्या माणसाच्या फोनवर काही वेळ मागचीच जागा दिसत राहते. तुमच्या दारासमोरून जाणारा माणूस जाहिरातीच्या हिशेबात अजून शिवाजीनगरलाच असतो.

दुसरी पायरी: वर्तुळात नक्की कोण येतं ते बघा

गूगल किंवा मेटावर (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर) साधी जाहिरात लावताना त्रिज्या साधारण एक किलोमीटरच्या खाली नेता येत नाही. एक किलोमीटर त्रिज्या म्हणजे तीन चौरस किलोमीटरहून थोडं जास्तच. मंडईवर पिन टाकलीत तर शनिवारवाडा, कसबा, बुधवार, शुक्रवार, सदाशिव आणि नारायण पेठेचा बराच भाग, सगळं आत येतं. "माझ्या गल्लीतल्या लोकांना" असं काही या वर्तुळात नसतं.

आता पुण्यापुरती एक खास अडचण. कळायला मला दोन वर्षं लागली. फोनची जागा नीट कळली नाही आणि फक्त "पुणे" एवढंच समजलं, तर बऱ्याच यंत्रणा त्याला शहराच्या मध्यबिंदूवर नेऊन ठेवतात. गूगल मॅप्सवर नुसतं पुणे शोधलं की जो बिंदू येतो तो १८.५२०४, ७३.८५६७ च्या आसपासचा आहे. नकाशावर टाकून बघा, तो शनिवारवाड्याला लागून कसबा पेठेत पडतो. म्हणजे ज्यांचा ठावठिकाणा नीट लागत नाही असे अख्ख्या पुण्याचे फोन कागदोपत्री थेट मानाच्या गणपतींच्या पेठांत येऊन उभे राहण्याचा धोका असतो. वाकडहून आलेल्या त्या फोनांचं मूळ बहुतेक हेच असणार.

तिसरे लोक म्हणजे पेठांत कायम राहणारे. त्यांचे फोन वर्षभर वर्तुळात असतात. त्यांना काकांचं दुकान लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

म्हणून सेटिंग उघडून हे करा. गूगल अ‍ॅड्समध्ये लोकेशनच्या पर्यायांत जाऊन "तिथे असणारे किंवा नेहमी येणारे" हा पर्याय स्वतः निवडा. आपोआप निवडलेला जो पर्याय असतो त्यात त्या जागेत "रस असणारे"ही येतात. नागपुरात किंवा न्यू जर्सीत बसून दगडूशेठचं ऑनलाइन दर्शन शोधणारा मराठी माणूस त्यात मोडतो. तुम्ही फराळाचे डबे परदेशी पाठवत असाल तर तो हवाच, गरम वडापाव विकत असाल तर नको. मेटामध्ये असा भेद आता करता येत नाही. तिथे राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले असा एकच गट मिळतो. त्यामुळे कालच्या गर्दीतल्या माणसाला आज घरी बसल्यावर तुमची जाहिरात दिसू शकते. हे गृहीत धरूनच मजकूर लिहा.

फोनधारकाने कोणती परवानगी दिली आहे, हेही इथेच लक्षात घ्यायचं. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून अ‍ॅपला नेमकी जागा न देता ढोबळ जागा देता येते. अँड्रॉइडची ढोबळ जागा म्हणजे सुमारे तीन चौरस किलोमीटरचा पट्टा. तो माणसाचा हक्क आहे आणि तो तसाच राहायला हवा. आपण आपला हिशेब त्याप्रमाणे बदलायचा.

तिसरी पायरी: स्वतः चालून बघा

उत्सवाच्या आधीच्या एखाद्या साध्या संध्याकाळी आणि मग उत्सवातल्या गर्दीच्या संध्याकाळी, असं दोनदा चाला. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेले दोन-तीन फोन बरोबर घ्या. मी मंडईपासून बेलबाग चौकात येते, तिथून लक्ष्मी रोडने उंबऱ्या गणपती चौकापर्यंत जाते. ठरलेल्या सात-आठ ठिकाणी थांबून तीन गोष्टी वहीत लिहिते: ठिपका कुठे आहे, त्याभोवतीचा गोल केवढा आहे, आणि एक साधं वेबपान उघडायला किती सेकंद लागतात. ठिपका हे फोनचं उत्तर झालं. त्या उत्तराबद्दल फोनलाच किती खात्री आहे, ते गोल सांगतो.

बाकी काही जमलं नाही तरी ही पायरी चुकवू नका. आपल्याच गल्लीत आपलाच फोन कुठे हरवतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढची भूल कुणी घालू शकत नाही. गर्दीच्या संध्याकाळी काकांच्या दुकानासमोर एका सिमवर त्यांचं पान उघडायला इतका वेळ लागला की मी नाद सोडून दिला. जाहिरात तिथे पोचली असती तरी तिचा उपयोग शून्य होता.

चौथी पायरी: वर्तुळ गर्दीतून बाहेर काढा

गर्दीत शिरलेल्या माणसाला गाठायचा प्रयत्न सोडून द्या. त्याचे हात मोकळे नाहीत, मूल खांद्यावर आहे, फोन खिशात दाबलेला आहे, नेट अडकलेलं आहे आणि ठिपका खोटा आहे. तो माणूस गर्दीत शिरण्याआधी कुठे होता आणि बाहेर पडून कुठे जाणार आहे, त्याचा विचार करा.

येणारे लोक स्वारगेटला एसटीतून उतरतात, पुणे स्टेशनला लोकलमधून उतरतात, शिवाजीनगरला किंवा डेक्कनला येतात. मेट्रोने पिंपरीकडून निघतात. तिथे आकाश बऱ्यापैकी मोकळं असतं, रेंज असते आणि माणूस कुणाची तरी वाट बघत फोन हातात धरून उभा असतो. पेठांवर एक वर्तुळ काढण्याऐवजी अशा ठिकाणी छोटी छोटी वर्तुळं काढा. स्वारगेटचं वर्तुळ मंडईच्या बाजूला थोडं चढतं, तेव्हा पिन थोडी दक्षिणेला सरकवा. मेटावर मधलं वर्तुळ वगळताही येतं. विसर्जनाच्या दिवशी मात्र रस्ते बंद असतात आणि पीएमपीच्या बसफेऱ्या बदलतात. पोलिसांचं वाहतुकीचं पत्रक आलं की ते वाचूनच पिना पक्क्या करा. कुठला रस्ता कितीपासून बंद, हे त्या पत्रकात असतं, आणि लोक कुठून चालायला लागणार हे त्यावरूनच कळतं.

वेळेचंही तसंच. मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. सकाळपासून जाहिरात चालू ठेवली तर माझ्यासारखे पैसे पाण्यात जातील. दुपारी तीन ते रात्री नऊ हा येणाऱ्यांचा वेळ. आणि रात्री बारा हा दुसरा महत्त्वाचा क्षण. बाराला स्पीकर बंद होतात, मिरवणूक थबकते, आणि भुकेले, थकलेले लोक चहा-खाणं शोधत आडव्या गल्ल्यांत शिरतात. नेटवरचा ताणही त्या सुमारास थोडा हलका होतो. काका रात्रभर दुकान उघडं ठेवतात, तेव्हा निम्मे पैसे आम्ही साडेअकरा ते दोनसाठी राखून ठेवतो.

पाचवी पायरी: मजकूर गर्दीच्या माणसासाठी लिहा

"फक्त ४०० मीटरवर" असं लिहू नका. बांबूचे अडथळे लागल्यावर चारशे मीटरला अर्धा तास लागू शकतो. कधी जाताच येत नाही. त्यापेक्षा खूण सांगा: "विश्रामबागवाड्याच्या बाजूने या, लक्ष्मी रोड ओलांडावा लागणार नाही." लोकांना मिरवणुकीच्या आडवं घुसायला लावणारी जाहिरात मी लावत नाही. गल्ली अरुंद असेल तर एकाच वेळी सगळ्यांना सवलत जाहीर करणंही टाळा. चार फुटांच्या बोळात दोनशे माणसं एकदम आली तर काय होईल, त्याची जबाबदारी आपली आहे. सवलत द्यायचीच तर रात्रभर द्या, म्हणजे लोक सवडीने येतील.

जाहिरातीतून जे पान उघडतं ते कागदाच्या चिठ्ठीइतकं हलकं ठेवा. व्हिडिओ नको, सरकती चित्रं नकोत, भरायचा फॉर्म नको. नाव, खूण, काय मिळतं, कितीला, दुकान कितीपर्यंत उघडं, आणि बोट लावताच फोन लागेल असा नंबर, एवढं पुरे. बसायला जागा, पिण्याचं पाणी किंवा स्वच्छतागृह असेल तर ते सगळ्यांत वर लिहा. बायका आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन आलेले लोक तेच शोधत असतात. तुमच्याकडे ते असेल तर तुमच्या वड्यापेक्षा ती ओळ जास्त माणसं आणेल.

आणि नेट अडकतं तेव्हा यूपीआयही अडकतं. गल्ल्यात सुट्टे पैसे भरपूर ठेवा.

सहावी पायरी: "वीस मीटरपर्यंत अचूक" म्हणणाऱ्याला चार प्रश्न विचारा

उत्सव जवळ आला की असे लोक भेटतात. मांडवाभोवती अदृश्य कुंपण घालू, आत आलेल्या प्रत्येकाला जाहिरात दाखवू, असं सांगतात. एकदम नाही म्हणू नका, पण विचारा. लोकेशनसोबत अचूकतेचा आकडा मिळतो का, आणि किती मीटरच्या वरचे फोन तुम्ही गाळता? ती नोंद किती मिनिटं जुनी असते? आकडे दशांशानंतर किती स्थळांपर्यंत असतात? हा तिसरा प्रश्न सोपा आणि फार कामाचा आहे. दोन स्थळं असतील तर चूक किलोमीटरभराची, तीन असतील तर शंभर मीटरच्या आसपास, चार असतील तर दहा-अकरा मीटर. हजारो फोन अगदी एकाच बिंदूवर उभे दिसले तर ते फोन नव्हेत, तो शहराचा मध्यबिंदू आहे. चौथा प्रश्न, फोनधारकाची संमती कुठे आणि कशी घेतली?

मंडळाचं स्वतःचं अ‍ॅप असेल तर कुंपण घालता येतं, पण शंभर ते दीडशे मीटरच्या खाली जाऊ नका. अँड्रॉइडच्या माहितीपुस्तिकेतही किमान एवढ्याच त्रिज्येचा सल्ला आहे. अ‍ॅप मागे चालू असेल तर सूचना दोन-तीन मिनिटं उशिरा येते, आणि बॅटरी वाचवण्याचा मोड लावला की आणखी उशीर होतो. त्या दिवशी बॅटरी सगळ्यांनाच वाचवायची असते.

सातवी पायरी: देवदर्शनाला आलेल्यांची यादी करू नका

हे मी कळकळीने सांगते. कोण कुठल्या देवळात, दर्ग्यात किंवा चर्चमध्ये गेलं, याची यादी करून ती पुढे वापरणं मला साफ चुकीचं वाटतं. गूगलच्या नियमांतही धार्मिक श्रद्धेवरून व्यक्तीला लक्ष्य करायला मनाई आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने लोकेशनची माहिती विकणाऱ्या कोचावा या कंपनीवर दावा लावला, त्यात प्रार्थनास्थळांना दिलेल्या भेटी तिच्या लोकेशनच्या माहितीतून उघड होऊ शकतात हा एक आक्षेप होता. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचा पाया संमती हाच आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढण्याला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्याला त्यात मनाई आहे. ढोलपथकांत किती कॉलेजची आणि शाळेची मुलं असतात ते आठवा. वर्तुळ काढताना वय अठराच्या वर ठेवा आणि उत्सव संपला की जमलेले प्रेक्षकगट, म्हणजे जाहिरात दाखवण्यासाठी साठवलेल्या लोकांच्या याद्या, काढून टाका.

आठवी पायरी: वहीत मोजा

जाहिरातीच्या पडद्यावर "दुकानाला भेटी" असा आकडा दिसला तर त्यावर विसंबू नका. तो त्याच डळमळीत ठिपक्यावरून आलेला असतो. दुकानासमोर मिरवणुकीत तासभर अडकलेला माणूसही त्यात भेट म्हणून मोजला जाऊ शकतो. आम्ही प्रत्येक वर्तुळाला वेगळा शब्द देतो. स्वारगेटच्या जाहिरातीत "मोदक म्हणा", डेक्कनच्या जाहिरातीत "दूर्वा म्हणा", आणि म्हणणाऱ्याला चहा दोन रुपयांनी कमी. काकांचा पुतण्या गल्ल्याशेजारच्या वहीत रेघा मारतो. पहिल्याच वर्षी मोदकाच्या रकान्यात रेघांचे गठ्ठे पडले आणि दूर्वाच्या रकान्यात तुरळक. डेक्कनकडून येणारे लोक टिळक चौकातच थांबतात, आमच्या गल्लीपर्यंत येतच नाहीत, हे आम्हाला त्या वहीने सांगितलं. पुढच्या वर्षी ते वर्तुळ काढून टाकलं.

गर्दीच चालत असेल तर

आषाढी वारीसाठी हेच करायचं तर वर्तुळ रोज हलवावं लागतं. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाते, मग जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण. घाटात रेंज जाते. वारकऱ्यांतल्या पुष्कळांकडे बटणांचा फोन असतो आणि तोही पिशवीत बंद करून ठेवलेला. पालखीच्या वाटेवर एका आरोग्य शिबिरासाठी आम्ही वर्तुळ काढून बघितलं, तेव्हा जाहिरात दिसली ती बहुतेक त्या गावातल्याच लोकांना.

वारीचा स्वतःचा पत्ता असतो, तो आधी शिकून घ्या. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि ती रथापुढे आहे की रथामागे ते ठरलेलं असतं. "रथामागे अमुक नंबर" एवढं सांगितलं की लाखोंच्या गर्दीत माणूस बरोबर सापडतो. शिबिराचा निरोप आदल्या मुक्कामी दिंडीप्रमुखांकडे द्या. चिठ्ठीवर जागा, वेळ आणि जवळची खूण मोठ्या अक्षरात लिहा. आणि संध्याकाळी समाजआरतीला, म्हणजे पालखी मुक्कामी पोचल्यावर सगळ्यांची होते त्या आरतीला, जाऊन उभे राहा. चोपदार दंड उंच करतात, टाळ-मृदंग थांबतात, आणि त्या शांततेत हरवलं-सापडलं पुकारलं जातं. शिबिरात कुणाचा चष्मा किंवा औषधाची पिशवी राहिली असेल तर ती घेऊन तिथेच जायचं.